हातावर थापलेला मका

चंडीमंदिर म्हटलं की लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आठवतं. १९८५ साली ते सिमल्याहून इथं आलं. चंडीगडचं नावही इथल्याच चंडीदेवीच्या देवळावरून पडलं. पण छावणी मागे टाकून मोरनीच्या डोंगराकडे निघालं की शिवालिकच्या उतारांवर मका पिकतो, पावसाच्या भरवशावर. थंडीत सरसोंच्या भाजीबरोबर त्याचीच रोटी होते.

ही रोटी भाकरीची सख्खी बहीण. ज्वारीसारखंच मक्यातही ग्लुटेन नाही, त्यामुळे सगळी भिस्त गरम पाण्यावर. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो, जेमतेम चिकटपणा येतो. जाणती बाई एका रोटीपुरतं पीठ घेते आणि तळव्यानं रगडत राहते. मग ओल्या हातांनी गोळा या तळव्यावरून त्या तळव्यावर थापत वाढवायचा. कड चिरली की ओलं बोट फिरवायचं, पुन्हा थाप. पोळपाट नाही, लाटणं नाही. नवशिकीची रोटी तव्यावर टाकतानाच मोडते. जमलेली रोटी तव्यावर भाजून निखाऱ्यावर शेकायची, वर लोणी, शेजारी गुळाचा खडा. पीठही ताजंच हवं, कारण मक्याच्या अंकुरात तेल असतं आणि दळून ठेवलेलं पीठ लवकर खवट होतं. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाणं काय असतं, हे भाकरी थापणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

हे कसब नसलं तर काय होतं, ते आयर्लंडनं भोगलं. १८४५ साली बटाटा कुजला आणि पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका मागवला. दाणा टणक, दळायची सोय अपुरी, शिजवायची रीत कुणाला ठाऊक नाही. लोकांची पोटं बिघडली. त्या पिठाला त्यांनी 'पीलचं गंधक' म्हटलं. तिथल्या खेड्यांत घरोघरी रुळला तो ताक आणि सोडा घालून केलेला गव्हाचा पाव.

चंडीमंदिरच्या परिसरात रीत आहे, पण मकाच घराबाहेर चाललाय. हरितक्रांतीनंतर गहू-भाताला हक्काची सरकारी खरेदी मिळाली. मक्याला हमीभाव जाहीर होतो, खरेदी मात्र क्वचितच होते. चंडीमंदिरच्याच पंचकुला जिल्ह्यात बरवाला-रायपूर रानीचा मोठा कुक्कुटपालन पट्टा आहे आणि कोंबडीखाद्यात मुख्य धान्य मकाच. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले, तेव्हापासून देशभरात डिस्टिलऱ्यांचाही ओढा मक्याकडे वाढला. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. काळजी आहे ती बियाण्याची. कोंबडीला आणि कारखान्याला भरघोस उतारा देणारा संकरित दाणा पुरतो. घरी रोटीसाठी राखलेलं देशी वाण पेरायला मग कारणच उरत नाही. खायच्या मक्याची खरेदी वेगळी आणि चढ्या भावानं झाली, तरच मोरनीच्या उतारावरच्या लहान वावरांत तो लावणं परवडेल.