साहेबांच्या ओळखी कुणाच्या कामी येतात?

वसतिगृहाचा किंवा शिष्यवृत्तीचा निधी रखडला की आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो. पण कायदा एकच, योजना एकच, तरी एका जिल्ह्यात काम होते आणि शेजारच्या जिल्ह्यात फाईल पडून राहते, हे कसे? त्याचे थोडे उत्तर कार्यालयाच्या प्रमुखाकडे सापडते.

अमेरिकेतील अभ्यासक केनेथ मायर आणि लॉरेन्स ओटूल यांनी टेक्सास राज्यातील सरकारी शाळांवर याचा अभ्यास केला. तिथे स्थानिक शाळांचा कारभार सुपरिंटेंडंट पाहतो. शाळा मंडळ, उद्योजक, आमदार, राज्याचे शिक्षण खाते आणि इतर सुपरिंटेंडंट यांच्याशी किती वेळा संपर्क येतो, हे त्यांनी शेकडो सुपरिंटेंडंटना विचारले आणि उत्तरे विद्यार्थ्यांच्या निकालाशी ताडून पाहिली. गरिबी, शिक्षकांचे पगार वगैरे हिशेबात धरूनही, संपर्क जास्त तिथे निकाल बरा होता. एकाच ठिकाणी अधिक वर्षे टिकलेल्या प्रमुखांचाही फायदा दिसला. आम्हाला यात नवल वाटत नाही. पैसा कोणत्या टेबलावर अडतो आणि कुणाला फोन करायचा, हे खुर्चीत बसल्या दिवशी कळत नाही.

मात्र २००४ साली याच दोघांनी दुसरी बाजू मांडली. संपर्क ठेवणारा अधिकारी त्या संपर्कातल्या बलवानांकडे झुकतो. सरासरी निकाल वाढतो, पण लाभाचे माप आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या पदरात जास्त पडते. आपल्या कामाचा मुद्दा हाच आहे. साहेबांच्या ओळखी दांडग्या आहेत, एवढ्याने वस्तीतल्या मुलीचे काही भले होत नाही.

टेक्सास म्हणजे महाराष्ट्र नव्हे. तिथे स्थानिक मंडळ प्रमुख नेमते, इथे अधिकारी मंत्रालयाच्या आदेशाने येतो आणि जातो. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाल आहे, पण अपवादाच्या वाटाही त्यातच आहेत. त्यामुळे चांगले काम करणारा अधिकारी मुदतीआधी हलवला जात असेल, तर तोही आपल्या आंदोलनाचा विषय आहे. (आपल्याकडे ‘बदली करा’ ही मागणी फार लवकर होते, हेही खरे.)

कार्यकर्त्यांनी अधिकाऱ्याला वर्षभर भेटत राहावे, केवळ जयंतीच्या परवानगीपुरते नव्हे. आणि माहितीच्या अधिकारात एकूण लाभार्थ्यांचा आकडा मागून थांबू नये. अनुसूचित जातींचे किती, त्यात मुली किती, कोणत्या तालुक्यातल्या, आणि अर्ज केल्यापासून किती दिवसांनी पैसे खात्यात आले, हे वेगवेगळे मागावे.