तलावाकाठचा टॉवेल : रंगही पक्का हवा, करारही

मुंबईच्या बड्या हॉटेलात पोहण्याचा तलाव असतो आणि तलावाकाठी टॉवेलांची चळत असते. पाहुण्याची नजर निळ्या पाण्यावर जाते, कापडवाल्याची त्या चळतीवर. जायलाच हवी, कारण ती आपल्या रोजीची वस्तू आहे.

अपोलो बंदरचे ताजमहाल हॉटेल 1903 साली सुरू झाले. शहराच्या बाजूला जिथे त्याचे जुने प्रवेशद्वार होते, तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. पुढे जुहू, नरिमन पॉइंट, विमानतळ परिसर असे सगळीकडे तलाव झाले. अशा हॉटेलांना टॉवेलांचे साधारण तीन संच लागतात : एक वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. रोजच्या धुलाईने माल झिजतो, म्हणून मागणी पुन्हा पुन्हा निघते. हा माल आपल्याच राज्यात सोलापुरात विणला जातो. सोलापुरी टेरी टॉवेलाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

काही वर्षांपूर्वी वणीच्या आमच्या दुकानाला ओळखीतून मुंबईच्या एका हॉटेलची चारशे टॉवेलांची ऑर्डर मिळाली. पांढरा टॉवेल, कडेला निळी पट्टी. खोलीतले आणि तलावावरचे टॉवेल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही पट्टी. नमुना पसंत पडला, माल गेला. दीड महिन्यात पट्टी राखाडी झाली. माल परत आला, बिल बुडाले. चूक माझीच होती. मी रंग पाहिला, रंगाची जात विचारली नाही.

तलावाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात, धुलाईतही ब्लीच असते. रिॲक्टिव्ह रंगांपैकी बरेच त्यापुढे टिकत नाहीत. वॅट रंग साधारणपणे टिकतात, पण निळ्यातल्या काही जाती त्यातही कच्च्या निघतात. म्हणून गठ्ठा उचलण्याआधी पट्टीचा तुकडा ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्यात रात्रभर ठेवून पाहावा. ऑर्डर मोठी असेल तर प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

दुसरी गोष्ट वजनाची. 75 बाय 150 सेंटीमीटरचा, चौरस मीटरला 500 ग्रॅमचा टॉवेल सुमारे 560 ग्रॅम भरतो. 450 ग्रॅमचा माल दिला तर नगामागे 56 ग्रॅम कमी, म्हणजे चारशे नगांत साडेबावीस किलो सूत कमी! खरेदी अधिकारी काटा लावतो. त्याने नाही लावला तरी माप पुरे देणे हा आपला धर्म आहे.

तिसरी गोष्ट उधारीची. हॉटेले नव्वद-नव्वद दिवस पैसे लांबवतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास व्याज मागता येते. मात्र हा हक्क माल बनवणाऱ्याला आहे, आमच्यासारख्या नुसत्या व्यापाऱ्याला नाही. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी आणि ती मोफत होते.

म्हणून माग चालवणाऱ्या भावांना सांगणे एवढेच : नोंदणी माल पाठवण्याआधी करा आणि शक्य असेल तिथे बिल आपल्याच नावाने फाडा. मधल्या माणसाला त्याचे कमिशन द्या, पण आपला हक्क त्याच्या हाती देऊ नका. हे मी स्वतः मधला माणूस असून सांगतो आहे.