सीमोल्लंघनाची नवी गाडी

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. नवे वाहन त्याच दिवशी दारी यावे, ही नवी मुंबईतील घरांचीही हौस. २०२४ साली ‘थार रॉक्स’ या आडवाटेच्या गाडीची नोंदणी ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, खुली झाली आणि पहिल्या तासातच १,७६,२१८ नोंदण्या झाल्या! गाड्या हाती पडू लागल्या त्या १२ ऑक्टोबरच्या दसऱ्यापासून. पण एवढ्या दारांना एकच मुहूर्त पुरणार कसा? गाडी न आलेल्यांनी हिरमुसू नये, असे आम्हांस वाटते. दसऱ्याची पूजा मुळात वर्षभर राबलेल्या आयुधांची. झेंडूच्या माळेचा पहिला मान दारातल्या जुन्या स्कूटरचा. नवी गाडी येईल त्या दिवशी बेलापूरच्या गोवर्धनी मातेपुढे नारळ वाढवावा आणि निघावे. खाडीकाठचे कांदळवन तेवढे चुकवून.