स्कोपमधल्या खालच्या खुणा कधी खऱ्या असतात?

आजचा विषय वायोमिंगमधल्या प्राँगहॉर्नच्या परवानाधारक शिकारीचा आहे. (भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं तिकडचंच समजा.) उघडं माळरान, आडोसा नाही, म्हणून लांबून नेम धरावा लागतो.

पॉइंट २७० विंचेस्टर, १३० ग्रेनची गोळी, २०० यार्डांवर झिरो केलेली. ३०० यार्डांवर ती साधारण ७ इंच खाली येते, ४०० वर मात्र १९-२० इंच. होल्डओव्हर रेटिकलमध्ये मधल्या फुलीच्या खाली खुणा असतात, त्या याच घसरणीसाठी. लांबच्या जनावरावर फुली न ठेवता खालची खूण ठेवायची, म्हणजे नळी आपोआप वर उचलली जाते.

आता खरी गोम. खूण अंतर सांगत नाही, कोन सांगते. शिकारीचे बरेचसे स्कोप सेकंड फोकल प्लेनचे असतात. त्यात पॉवर बदलली की चित्र लहानमोठं होतं, पण रेटिकल तेवढंच राहतं. समजा ३-९ च्या स्कोपमधली खूण ९ पॉवरवर साडेचार मिनिटांची आहे, म्हणजे ४०० यार्डांना जवळपास बरोबर. साडेचार पॉवरवर तीच खूण ९ मिनिटांची होते आणि गोळी आणखी १९ इंच वर जाते. ती पाठीवरून निघून गेली तर एक वेळ बरं! दुपारी हवा थरथरते म्हणून कुणी पॉवर ७ वर आणली, तर चूक पाचेक इंचांचीच. पण प्राँगहॉर्नची छाती आधीच लहान. गोळी फुप्फुसांच्या वर लागते आणि जखमी जनावर मैलोन् मैल पळतं. मला भीती या दुसऱ्या चुकीची वाटते.

म्हणून लांबचा नेम धरताना मी झूमचं कडं आधी शेवटपर्यंत फिरवतो. काही स्कोपमध्ये खुणा वेगळ्याच पॉवरवर खऱ्या असतात, तेव्हा मॅन्युअल बघाच. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये ही भानगड नाही, पण कमी पॉवरवर खुणा इतक्या बारीक होतात की दिसतच नाहीत.

आणि डब्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. तुमच्या नळीतून वेग वेगळा निघतो, त्यामुळे ३०० आणि ४०० यार्डांवर कागदावर प्रत्यक्ष झाडून बघा. चढउतारावर नेम असेल तर आडवं अंतर धरायचं.

राहिला वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर गोळीला सुमारे फूटभर ढकलतो, आणि खालच्या खुणा त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. वारा असला की मी ३०० च्या पुढे चाप ओढत नाही. वाकून, रांगत जवळ जातो.