ऑनलाइन विमा विकताना ग्राहकाचा विश्वास कसा मिळवाल?

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंड स्टेशनच्या परिसरात फिरताना झेरॉक्स, रिचार्ज आणि पॅनकार्डच्या दुकानांवर हल्ली आणखी एक पाटी दिसते: 'येथे सर्व प्रकारचा विमा काढून मिळेल.' गॅरेजवाले, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे आणि आरटीओची कामे करणारे आपले अनेक तरुण या धंद्यात उतरले आहेत. भांडवल फारसे लागत नाही. एक मोबाइल आणि एक प्रिंटर पुरतो. परवान्याची वाटही २०१५ पासून सोपी झाली आहे. दहावी पास असलेल्याने पंधरा तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली की त्याला 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' म्हणून साध्या पॉलिसी विकता येतात. तरीही पाटी लागते आणि वर्षभरात उतरते, असे आम्ही पाहिले आहे. ग्राहक पहिल्यांदा येतो, नूतनीकरणाला मात्र दुसरीकडे जातो.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे लोकांनी विमा घेतला तो घरी येणाऱ्या ओळखीच्या एजंटकडून. तो लग्नकार्याला यायचा, मयतीला यायचा. ऑनलाइन विक्रीत हा माणूसच बाजूला पडला. ग्राहकाच्या हाती येतो एक संदेश आणि न वाचता येणारी वीस-पंचवीस पानांची इंग्रजी पीडीएफ. त्या वीस पानांत काय लिहिले आहे, हे पैसे घेण्यापूर्वी मराठीत सांगणारा दुकानदार हवा. सगळा प्रश्न येथेच आहे.

सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या विम्याचेच पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा, म्हणजे 'थर्ड पार्टी', सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड होतो. म्हणून ग्राहक घाईत येतो आणि म्हणतो, "भाई, सर्वांत स्वस्त काढून द्या." दुकानदार थर्ड पार्टी काढून देतो आणि विषय संपतो. समजा, सहा महिन्यांनी तीच गाडी स्टेशनबाहेरून चोरीला गेली. ग्राहक पॉलिसी घेऊन दुकानात येतो. या पॉलिसीत चोरीचा एक पैसाही मिळत नाही, कारण ती फक्त आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर उपयोगी पडते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला आणि चोरीला वेगळे संरक्षण घ्यावे लागते. हे दोन वाक्यांत सांगण्यासारखे होते, पण त्या दिवशी सांगितले गेले नाही. आता कायदा दुकानदाराच्या बाजूने असला तरी गल्लीत नाव जायचे ते जातेच.

आमची सूचना अगदी साधी आहे. पावतीच्या मागे आपल्या हाताने मराठीत लिहून द्या: 'या पॉलिसीत चोरी नाही, स्वतःच्या गाडीची दुरुस्ती नाही.' आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्या. गिऱ्हाईक बिचकेल, अशी भीती काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. निम्मे लोक तेथेच विचारतात, "मग चोरीचा किती पडेल?"

दुसरी गोष्ट किमतीची. थर्ड पार्टीचा मूळ हप्ता केंद्र सरकार ठरवते, कंपनी नव्हे. तेव्हा कोणी हाच विमा निम्म्या किमतीत देत असेल, तर ती पॉलिसी बनावट असण्याचीच शक्यता जास्त. कलम ४१ प्रमाणे आपल्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देणे हाही गुन्हा आहे. "आम्ही कमी करत नाही, कारण कमी करताच येत नाही," हे न लाजता सांगावे. नंतर एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची नोंद ग्राहकाला त्याच्याच मोबाइलवर दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणूस विश्वास ठेवतो.

ग्राहकाचाच मोबाइल, हा मुद्दा बारीक वाटेल, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ओटीपीची कटकट नको म्हणून पुष्कळ दुकानदार अर्जात स्वतःचाच क्रमांक टाकतात. मग पॉलिसी, मुदत संपत आल्याची सूचना आणि क्लेमचे संदेश सगळे दुकानात येतात, आणि ग्राहक आंधळा राहतो. दुकान चार दिवस बंद असले की त्याला वाटते, माणूस पळाला. मेहुण्याच्या किंवा मित्राच्या कोडवर पॉलिसी काढणेही तसेच. विक्रेत्याचा आधार किंवा पॅन क्रमांक पॉलिसीवर नोंदवण्याची व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. जबाबदारी कोणाची, हे कागदावर राहावे, हाच तिचा हेतू.

पैशांच्या बाबतीत तर जास्तच जपावे लागते. विमा कायद्याचे कलम ६४व्हीबी सांगते की हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटने घेतलेला हप्ता, कमिशन न कापता, सुट्ट्या वगळून चोवीस तासांत कंपनीकडे भरला पाहिजे. शनिवारी रोख घेतले, गल्ल्यात टाकले, माल भरायला वापरले आणि मंगळवारी भरू म्हटले, आणि मध्येच पाटसजवळ त्या गाडीचा अपघात झाला, तर? रोख घ्यायचीच नाही, ग्राहकाच्या खात्यातून थेट कंपनीला जाऊ द्यायची, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. उधारीवर किराणा देता येतो, विमा देता येत नाही.

ऑनलाइन विम्यात विश्वास कसा तुटतो, याचे मोठे उदाहरण आपल्या राज्यानेच पाहिले. खरीप २०२३ पासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये ठरलेले होते. शेतकऱ्याकडून एका रुपयापेक्षा जास्त घ्यायचे नव्हते. तरी काही ठिकाणी शंभर-दोनशे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, न पेरलेल्या पिकांवर बोगस अर्ज भरल्याचे उघड झाले. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची सवलत बंद केली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के झाला. काही केंद्रांच्या लबाडीचे ओझे प्रामाणिक केंद्रचालकांवर आणि शेतकऱ्यांवर पडले. शिरूर-दौंडचा कांदा आणि ऊस पिकवणारा शेतकरी हे विसरलेला नाही. तोच शेतकरी उद्या आपल्या काउंटरवर ट्रॅक्टरचा विमा काढायला येणार आहे.

दुकानाच्या विम्याबद्दल व्यापारी बांधवांनी स्वतःसाठीही वाचावे. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तीत आग, पूर आणि दंगलीचे नुकसान येते. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात दुकाने आणि वाहने जळाली, तेव्हा अशा संरक्षणाची किंमत अनेकांना उशिरा कळली. पण नुसत्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. माल मागच्या गल्लीतील गोदामात असेल, तर त्याचाही पत्ता अर्जात आला पाहिजे. विक्रेत्याने खुर्चीवर बसून फॉर्म भरू नये. एकदा उठून गोदाम पाहून यावे.

आरोग्य विम्यात अर्जातील 'साखर आहे का, रक्तदाब आहे का' या प्रश्नांवर बोट ठेवून थांबा. 'नाही' लिहिले की पॉलिसी पटकन निघते, हे खरे. क्लेमच्या वेळी रुग्णालयाचे जुने कागद निघतात, हेही खरे. आजार सांगितला तर त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. लपवला तर क्लेमच नाकारला जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही. तो लावून कोणी पैसे मागत असेल, तर ग्राहकाने पावती मागावी.

आपल्या समाजात विम्याच्या जायज-नाजायजविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि ग्राहक ते काउंटरवर विचारतोच. फतवा देणे दुकानदाराचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. मात्र 'हा हलाल विमा आहे' असे सांगून पॉलिसी विकणे सरळ फसवणूक आहे. भारतात तकाफुल पद्धतीची परवानाधारक विमा कंपनी नाही.

शेवटी एक पाटी. दुकानात हप्त्याच्या दरांशेजारी तक्रारीचा मार्गही लावा: आधी कंपनीकडे लेखी तक्रार, सोबत विमा नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल आणि दूरध्वनी १५५२५५. तीस दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर पुण्यातील विमा लोकपाल. तेथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी फी न घेता ऐकल्या जातात, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. आपल्याच विरुद्ध तक्रार कोठे करायची, हे आपल्याच भिंतीवर लिहिलेले पाहून ग्राहकाला नवल वाटेल. एका गॅरेजवाल्याने अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्या आठवड्यात लोकांनी तिचे फोटो काढून नेले आणि महिनाभराने त्यांतलेच काही जण घरच्या सगळ्या गाड्यांची कागदपत्रे घेऊन आले.