चित्रपट पाहून झाल्यावर

हट्टा हे माझे गाव. आज ते हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात मोडते. माझ्या लहानपणी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्याचे. सुगी आटोपून खळी मोकळी झाली, की आमच्या गावाबाहेरच्या माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राही. दिवसा बैलगाडीवर भोंगा बांधून एक माणूस गल्लोगल्ली ओरडत फिरे, आणि संध्याकाळी आम्ही मुले पोत्याची घडी काखेत मारून तंबूकडे धाव घेत असू. बसावयास जमीन, वर कनातीचे छत, मधोमध पांढरा पडदा. पुरुष एका अंगाला, स्त्रिया दुसऱ्या अंगाला. गर्दी फार झाली म्हणजे कित्येकांना पडद्याच्या मागच्या बाजूस बसवीत. कापडातून प्रकाश आरपार येई, त्यामुळे तिकडूनही चित्र दिसे. मात्र ते उलटे, आरशात पाहिल्यासारखे!

याच उलटेपणावरून आमच्या वर्गातील दोघांचे एकदा कडाक्याचे भांडण झाले. नायकाने खलपुरुषाच्या हातातली काठी हिसकली ती उजव्या हाताने, असे एक म्हणे. डाव्या हाताने, असे दुसरा म्हणे. दोघांनीही आईची शपथ घेतली. प्रकरण पाटी फुटण्यापर्यंत गेले. शेवटी आमचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "अरे, तुम्ही बसला होतात कोठे, ते आधी सांगा." एक पडद्यापुढे बसला होता, दुसरा मागे. दोघेही खरे बोलत होते.

तंबूतील यंत्र एकच असे. त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी रीळ बदलावे लागे. तेवढा वेळ दिवा लागे आणि लागलीच चर्चेला तोंड फुटे. "आता हा त्या पाटलाला धरणार बघ," "छे रे, तो पाटील त्याचा बापच निघणार!" चित्रपट पाहण्याइतकाच आनंद त्याविषयी बोलण्यात असतो, हे मला त्या उजेडाच्या तुकड्यांत समजले. दुसऱ्या दिवशी पारावर, विहिरीवर, शाळेच्या वाटेवर तोच विषय. एका गोष्टीचा मात्र आम्हांला फार राग येई. आदल्या रात्रीचा खेळ पाहिलेला एखादा शहाणा आम्हांला वाटेत गाठून शेवट सांगून टाकी. त्याला कोणी पेरू देत नसे. हा गुन्हा आजही गुन्हाच समजावा, असे माझे मत आहे.

मुलांनो, आता तंबू दिसेनासे झाले. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. पुढे हळूहळू तो पेटारा खेड्यापाड्यांत आला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' ही मालिका लागू लागली, तेव्हा ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीत आळी जमे, आणि कित्येक ठिकाणी संचाला हार घालून, उदबत्ती लावून मगच लोक बसत. आज तर चित्रपट खिशातल्या भ्रमणध्वनीत मावतो. साधन बदलले, पण पाहून झाल्यावर कोणाला तरी काही सांगावेसे वाटते, ती ओढ तशीच आहे. मग सांगावे कसे, याचा थोडा विचार करू.

बहुतेक जण एकाच शब्दात निकाल देतात: "छान!" किंवा "भिकार!" यातून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागते? काहीच नाही. "मला आवडला" हे आपल्या मनाविषयीचे विधान झाले. त्यावर कोणाला वाद घालता येत नाही. तुम्हांला कारले आवडते की नाही, यावर जसा वाद होत नाही, तसाच. पण "तो चित्रपट चांगला आहे" असे म्हटले, की ते चित्रपटाविषयीचे विधान झाले, आणि त्याला कारण द्यावे लागते. या दोन गोष्टी एक नव्हेत. एखादा सामान्य चित्रपट आपल्याला फार आवडतो, कारण तो आपण मामाच्या गावी, सुटीत, सर्वांसोबत पाहिलेला असतो. एखादा उत्तम चित्रपट आवडत नाही, कारण त्या दिवशी पोट दुखत असते. यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त कोणते बोलणे पोटाविषयी आहे आणि कोणते चित्रपटाविषयी, हे ओळखता आले पाहिजे.

कारण शोधावयाचे तर चित्रपट घडतो कसा, याची थोडी जाण हवी. पडद्यावर दर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि आपल्या डोळ्यांना ती हलती भासतात. कॅमेरा कोठे ठेवावा, हे कोणीतरी ठरवलेले असते. तो जमिनीलगत ठेवून वर रोखला, तर साधा माणूसही धिप्पाड दिसतो. घेतलेली दृश्ये कोणत्या क्रमाने जोडावी, हेही कोणीतरी ठरवलेले असते. या जोडणीला संकलन म्हणतात. तिची करामत रशियातील लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिली. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्र त्याने घेतले. ते एकदा सूपाच्या भांड्याला जोडले, एकदा शवपेटीतील मुलीला जोडले, एकदा एका स्त्रीच्या चित्राला जोडले. प्रेक्षक म्हणाले, नटाने भूक, शोक आणि प्रेम किती सुंदर दाखवले! चेहरा तर एकच होता. तेव्हा "अभिनय उत्तम" असे म्हणण्यापूर्वी, तो भाव नटाचा की संकलकाचा, हे एकदा तपासून पाहावे.

आपल्याकडील प्रेक्षक अशी तपासणी करण्याच्या मनःस्थितीत पूर्वी फारसे नसत, आणि ते स्वाभाविक होते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' या चित्रपटात पडद्यावर प्रभू रामचंद्र येताच लोक हात जोडून नतमस्तक होत, असे सांगतात. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या! भाविकांना ते जाणवले नाही, की जाणवूनही त्यांनी मनावर घेतले नाही? मला दुसरी शक्यता अधिक पटते. नाटकात पुरुषाने स्त्री होणे त्या काळी नित्याचेच होते.

यानंतर मला माझी स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना शाळेत 'श्यामची आई' हा चित्रपट दाखवला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी तो १९५३ साली काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. हे सारे मी चित्रपटाआधी मोठ्या अभिमानाने सांगितले. वर म्हणालो, "हा फार थोर चित्रपट आहे." मग मुलांना मत लिहावयास सांगितले. साऱ्या वह्यांतून एकच वाक्य आले: "हा फार थोर चित्रपट आहे." माझेच वाक्य मला परत मिळाले. एकाही मुलाचे मत मला कळले नाही, आणि दोष मुलांचा नव्हता.

पुढल्या खेपेस मी तोंड मिटून बसण्याचे ठरवले. ते वर्ष २०१६. दोन वर्षे पावसाने ओढ दिली होती आणि उन्हाळा कसाबसा सरला होता. पाऊस लागल्यावर एका शनिवारी आम्ही सातवीच्या वर्गाला अविनाश अरुण यांचा 'किल्ला' दाखवला. त्यातील चिन्मय हा अकरा वर्षांचा मुलगा आहे. त्याचे वडील वारलेले. आईची नोकरीत बदली झाल्यामुळे तो पुणे सोडून कोकणातील एका लहान गावी येतो. नवी शाळा, नवे मित्र, समुद्र, आणि किल्ला. त्या किल्ल्यावर पावसात मित्र निघून जातात, चिन्मय एकटा मागे उरतो, आणि मैत्रीत तेढ येते.

चित्रपट संपला. मी म्हणालो, "बोला." बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, लई कंटाळा आला. काहीच घडत नाही त्यात." सारा वर्ग हसला, आणि एकाने सांगितले म्हणून दहांना धीर आला. मारामारी नाही, गाणी नाहीत, शेवटी कोणाला शिक्षा नाही! एकाने विचारले, "सर, एवढा पाऊस समदा समुद्रातच जातो का?" हा चित्रपटाविषयीचा अभिप्राय नव्हे, असे कोणी म्हणेल. आमच्या भागातील मुलाने कोकणचा पाऊस पाहून दुसरे काय विचारावे? मी तो अभिप्रायच धरला.

त्यानंतर खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. ती जूनमध्येच आमच्या शाळेत आली होती. तिच्या आईची आमच्या भागात बदली झाली होती. एरवी ती बोलत नसे. ती म्हणाली, "काहीच घडत नाही असं कसं? नव्या शाळेत पहिल्या दिवशी कोणाच्या शेजारी बसायचं, एवढंच घडत असतं दिवसभर. ते त्यात आहे." वर्गातले हसू थांबले. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्याही ध्यानात आली नव्हती. चिन्मय एकटा असतो तेव्हा पडद्यावर समुद्र, आभाळ, तट हेच पुष्कळ दिसते आणि तो लहानसा दिसतो. "एवढ्या जागेत आपण एकटेच आहोत असं वाटतं तेव्हा," ती म्हणाली आणि खाली बसली.

पाहा, तिने "छान" हा शब्द एकदाही उच्चारला नाही. तिने आपण कोठे बसून पाहिले ते सांगितले, आणि पडद्यावरची खूण दाखवली. कंटाळलेला मुलगाही गप्प बसला नाही. तो म्हणाला, "तुला तसं झालं असेल. मला तरी कंटाळाच आला." मला त्याचे कौतुक वाटले. वर्गाचा वारा फिरला म्हणून त्याने आपले मत फिरवले नाही. मात्र मी त्याला विचारले, "कंटाळा आला तो कोठे? आरंभापासून, की मध्येच?" त्याला ते सांगता येईना.

मग मी वर्गाला एक हकीकत सांगितली, जी चित्रपटापूर्वी मुद्दामच राखून ठेवली होती. जर्मनीतील बर्लिन येथे दर वर्षी मोठा चित्रपट महोत्सव भरतो. त्यात लहान मुलांसाठीच्या चित्रपटांचा एक विभाग असतो आणि त्याच्या एका पारितोषिकाचा निर्णय मोठी माणसे करीत नाहीत. अकरा ते चौदा वर्षांची अकरा मुले तो करतात. या मुलांची निवडही मजेची असते. आदल्या वर्षी चित्रपट पाहून मुलांनी प्रश्नावलीवर जी मते लिहिलेली असतात, ती वाचून त्यांतून परीक्षक नेमतात. ही मुले जगभरातून आलेले चित्रपट पाहतात, आपसांत चर्चा करतात आणि एका चित्रपटास काचेचे अस्वल देतात. अस्वल हे बर्लिन शहराचे चिन्ह आहे. २०१४ साली त्या मुलांनी निवडलेला चित्रपट होता 'किल्ला'. पुढे त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला; पण आमच्या वर्गाला त्या पुरस्काराचे काही वाटले नाही. "आमच्याएवढी पोरं?" एवढेच सर्वांनी विचारले. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, ज्यांनी कोकण पाहिले नाही, अशा मुलांना चिन्मयची गोष्ट कळली होती.

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "म्हणजे आमचं चुकलं म्हणा की!" मी म्हणालो, "मुळीच नाही. पारितोषिक मिळाले म्हणून तुझा कंटाळा खोटा ठरत नाही. पण त्या मुलांना कारणे द्यावी लागली असतील, तूही दे."

यानंतर आम्ही महिन्यातील एका शनिवारी असा कार्यक्रम ठेवू लागलो. नियम दोनच होते. ज्याने पाहिला नाही त्याच्यापुढे शेवट सांगावयाचा नाही. आणि मत देताना निदान एक दृश्य सांगावयाचे, नाहीतर खाली बसावयाचे. दुसऱ्या नियमाने मुलांची फार तारांबळ उडे. "हिरो भारी आहे" म्हणणाऱ्याला "कोणत्या दृश्यात?" असे सारा वर्ग एका सुरात विचारी, आणि तो डोके खाजवीत बसे. मोठ्या शहरांतही रसिकांनी यासाठीच मंडळे काढली. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेले 'प्रभात चित्र मंडळ' हे त्यांपैकी एक. तेथे जगातील चांगले चित्रपट दाखवीत आणि त्यांवर चर्चा होई. आमचे मंडळ त्यामानाने चिमुकले. एक पांढरी चादर, उसना प्रक्षेपक, आणि वीज गेली की चर्चा आपोआप सुरू. वीज बहुधा जाईच.

त्या कंटाळलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दिवाळीच्या सुटीनंतर तो मला शाळेच्या फाटकात भेटला. परभणीला काकाच्या घरी त्याने 'किल्ला' पुन्हा पाहिला होता. "मग? आता आवडला का?" मी विचारले. "नाही सर," तो म्हणाला, "पण कंटाळा नेमका कुठं येतो, ते सापडलं." आणि घंटा होईपर्यंत फाटकातच उभा राहून त्याने मला ती जागा समजावून सांगितली.