सक्तीच्या ब्लाइंडचा हिशेब

अष्टागरातल्या नागावात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या घरांत, गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीच्या रात्री पत्त्यांचा डाव बसला की ‘ब्लाइंड’ हा शब्द हमखास कानावर येतो, आणि तो पोकरचा नसून तीन पत्तीचा असतो. तीन पत्तीत स्वतःची पाने न उघडता चाल देणारा खेळाडू ब्लाइंड म्हणवतो, आणि ज्याने पाने पाहिली आहेत त्याला त्याच्या निदान दुप्पट चाल द्यावी लागते. म्हणजे तेथे ब्लाइंड हे राजीखुशीने पत्करलेले धाडस असते आणि त्याला सवलतही मिळते. पोकरमध्ये तोच शब्द जवळजवळ उलट्या अर्थाने वापरला जातो. तेथे ब्लाइंड ही पाने वाटण्यापूर्वी भरायची सक्तीची रक्कम असून ती तीन पत्तीतल्या बुटाच्या अधिक जवळची आहे. फरक एवढाच, की बूट सगळे जण भरतात, तर ब्लाइंड दोघांनाच भरावी लागते आणि ती पाळी दर डावाला एकेक जागा पुढे सरकते.

पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडली जातात आणि या सातांतून उत्तम पाच पानांचा हात ठरतो. वाटणाऱ्याच्या जागेवर ‘बटण’ नावाची चकती असते. तिच्या डावीकडचा पहिला खेळाडू स्मॉल ब्लाइंड भरतो, दुसरा त्याच्या दुप्पट बिग ब्लाइंड. स्पर्धेत ठरावीक प्रवेशशुल्काच्या बदल्यात सर्वांना सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की खेळाडू बाद होतो, आणि ठरावीक वेळाने ब्लाइंड वाढत जात असल्यामुळे नुसते थांबून राहणाऱ्याचा साठा आपोआप झिजतो. अनेक स्पर्धांत याशिवाय ‘अँटी’ नावाची आणखी एक सक्तीची भर असते आणि अलीकडे ती संपूर्ण टेबलाच्या वतीने बिग ब्लाइंडवरचा खेळाडूच भरतो.

अशा स्पर्धा प्रत्यक्ष टेबलावर पाहायच्या तर नागावकराला दक्षिणेकडे गोव्यात जावे लागते. १९७६ हे वर्ष दोन्ही राज्यांच्या कायद्यांत आढळते, पण वाटा वेगळ्या झाल्या: गोव्याने त्या वर्षीच्या आपल्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या करून कॅसिनोंना जागा दिली आणि पणजीजवळ मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या, महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रणाचा कायदा केला खरा, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा मार्गही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने, कौशल्य की नशीब हा भेद न करता, बंद केला आहे. खेळामागचे गणित मात्र चिंचोके मांडूनही तितकेच नीट शिकता येते, आणि ते शिकण्याजोगे आहे.

समजा, ब्लाइंड ५०० व १,००० असून बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूने १,००० ची अँटीही भरली आहे. बटणावरचा खेळाडू बोली २,२०० पर्यंत चढवतो, स्मॉल ब्लाइंडवाला पॅक करतो, आणि बिग ब्लाइंडच्या हाती इस्पिकची नव्वी व सत्ती आहे. मध्ये जमलेली रक्कम ४,७०० होते आणि डावात राहायला आणखी १,२०० पुरतात. एकूण ५,९०० पैकी १,२०० म्हणजे सुमारे २० टक्के. भरलेली ब्लाइंड आता खेळाडूची राहिलेली नसते, ती मधल्या राशीची झालेली असते. ‘माझे पैसे आत अडकले आहेत’ ही भावना म्हणूनच दिशाभूल करते आणि विचारायचा प्रश्न एवढाच उरतो, की या १,२०० च्या मोबदल्यात पाचांतून एकदा तरी जिंकता येईल का. वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाविरुद्धही ही नव्वी-सत्ती, पाचही पाने उघडेपर्यंत डाव चालला तर, सुमारे ४० टक्के वाटा राखते. इतकेच काय, सर्वांत हिणकस मानली जाणारी वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री त्याच पानांपुढे एकतृतीयांशाच्या आसपास असते.

मग प्रत्येक पान धरावे असे का नाही? कारण ‘पाचही पाने उघडेपर्यंत’ ही अट प्रत्यक्षात क्वचित पाळली जाते. बटणाविरुद्ध बिग ब्लाइंडवाल्याला पुढच्या प्रत्येक फेरीत आधी बोलावे लागते, समोरचा त्याची चाल पाहून निर्णय घेतो, आणि जी पाने सामाईक पानांशी जुळत नाहीत ती मोठ्या बोलीपुढे मध्येच टाकावी लागतात. कागदावरचा वाटा पुरता हाती येत नाही. एकाच रंगाची आणि लागोपाठची पाने हा वाटा बऱ्यापैकी वसूल करतात, कारण ती जुळतात तेव्हा ठसठशीत जुळतात. वेगळ्या रंगांची राजा-तिर्री दिसायला भारदस्त, पण समोर राजा-राणी असेल तर ती एकचतुर्थांशाच्या घरात अडकते, आणि राजा उघडला की तिचा धनी हरत्या हातावर चिप्स ओतत राहतो. नवख्या खेळाडूचे खरे नुकसान लहान पानांनी होत नाही, ते अशा अर्धवट मोठ्या पानांनी होते.

बोली कोठून आली हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या जागेवरून चढवणाऱ्यामागे अनेक जण बोलायचे असतात, म्हणून त्याची पाने सहसा बळकट असतात. बटणावरून चढवणाऱ्याला फक्त दोन ब्लाइंड हटवायच्या असतात. तो २,५०० मिळवण्यासाठी २,२०० धोक्यात घालतो, तेव्हा दोन्ही ब्लाइंड मिळून १०० पैकी ४७ हून अधिक वेळा पॅक करू लागल्या तर त्याला पाने पाहण्याचीही गरज उरत नाही. मध्यम पानांनी ब्लाइंड राखण्याचे समर्थन येथे आहे. स्मॉल ब्लाइंडचे तसे नाही: त्याच बोलीला त्याला १,७०० भरावे लागतात, सुमारे २७ टक्के वाटा लागतो, आणि पाठीमागे बिग ब्लाइंडवाला अजून बोलायचा असतो.

चिप्सचा साठा आटला की हिशेब पुन्हा बदलतो. बॅकगॅमनचे जगज्जेते पॉल मॅग्रिएल यांनी सुचवलेले आणि १९९५ चे जागतिक विजेते डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांमुळे रूढ झालेले ‘एम’ हे माप म्हणजे साठ्याला एका डावाच्या सर्व सक्तीच्या रकमांनी भागून येणारी संख्या. वरच्या उदाहरणात २०,००० चिप्सना २,५०० ने भागले की आठ येतात. म्हणजे काहीच न खेळता टेबलाच्या आठ फेऱ्या तग धरता येईल. त्याहून खाली गेल्यावर १,२०० भरून पुढच्या पानावर माघार घेणे ही चैन ठरते, आणि पुष्कळदा पॅक करणे किंवा सगळ्या चिप्स एकदम लावणे हेच दोन शहाणे मार्ग उरतात.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर चिपचे मोलच बदलते, कारण गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग पडते. समजा, मोठ्या स्पर्धेच्या दहा सारख्या प्रवेशिका हेच बक्षीस असलेली पात्रता-फेरी चालू आहे आणि अकरा खेळाडू उरले आहेत. बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूकडे मध्यम साठा आहे, दोघांकडे जेमतेम एका फेरीच्या चिप्स आहेत, आणि बटणावरचा सर्वांत मोठा साठेदार २,२०० न म्हणता सगळ्यांच्या सगळ्या चिप्स मागतो. साठा दुप्पट झाला तरी प्रवेशिका दोन मिळणार नाहीत, हरला तर एकही नाही. तेव्हा तीच इस्पिकची नव्वी-सत्तीच काय, राजा-राणीही निमूटपणे टाकून त्या दोघांच्या ब्लाइंडची पाळी येण्याची वाट पाहायची असते.